कागदपत्रे हरवलेली लेझरची नळी



भंगाराच्या दुकानात कधी काय येईल याचा नेम नसतो. तांब्याच्या तारा, पितळी नळ, मोडके पंखे यांच्या ढिगात एखाद्या दिवशी एक काचेची नळी येऊन पडते. वीत-दीड वीत लांब, अंगठ्यापेक्षा थोडी जाड. आत आणखी एक नळी असते आणि तिचे भोक एवढे बारीक, की गोधडी शिवायची सुई जेमतेम जावी. एका बाजूला आत अ‍ॅल्युमिनियमचा डबा दिसतो. दोन्ही टोकांना धातूच्या टोपीत बसवलेला टिकलीएवढा आरसा. वजनावर विकण्याजोगे तिच्यात काही नसते, म्हणून भंगारवाला तिला ट्यूबलाइटचा तुकडा समजून बाजूला फेकतो. ती असते हेलियम-निऑन लेझरची नळी.

ही नळी भंगारात येते कुठून? आपल्याकडे बहुतेक कॉलेजच्या प्रयोगशाळेतून. बी.एस्सी.ची मुले प्रकाशाचे प्रयोग याच नळीवर करीत आली, काही ठिकाणी अजून करतात. परदेशात तिचा संसार मोठा होता. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय नावाच्या गावी एका दुकानात च्युइंगमचे पाकीट काळ्या-पांढऱ्या रेघांवरून वाचून विकले गेले. त्या रेघा वाचणाऱ्या यंत्रात हेलियम-निऑन लेझर होता. १९७८ मध्ये तिकडे बाजारात आलेल्या लेझरडिस्कच्या पहिल्या यंत्रांतही हीच नळी होती. पुढे शेंगदाण्याएवढा डायोडचा लेझर आला, स्वस्त झाला, आणि या नळ्या अडगळीत गेल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. नळी मिळते, तिचे कागद मिळत नाहीत. तिला वीज पुरवणारा ठोकळा वेगळा असतो, तो कोणीतरी आधीच काढून विकलेला. माहितीपुस्तिका तर केव्हाच रद्दीत गेलेली. मग आयटीआय केलेला, हातात कसब असलेला एखादा मुलगा ती नळी घरी आणतो आणि अडतो. कोणते टोक धन, कोणते ऋण? किती व्होल्ट? किती करंट? मध्ये रेझिस्टन्स कितीचा? या चार आकड्यांपैकी एक जरी चुकला तरी नळी मरते. नळी मेली तर हळहळ. पण हे काम हजारो व्होल्टचे आहे, येथे माणूसही मरतो. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला.

आम्हा कारकुनांना रेकॉर्डरूममध्ये वरचे पान फाटलेल्या फायली नेहमीच भेटतात. जावक क्रमांक नाही, तारीख नाही. तरी शाईचा रंग, शिक्क्याचा आकार, टाचणीचा गंज पाहून फाइल कोणत्या काळातली, कोणत्या टेबलावरची, हे जुना माणूस बरोबर सांगतो. ही नळीही तशीच वाचावी लागते. वीज देण्याच्या आधी, नुसत्या डोळ्यांनी.

पण ती वाचायची तर तिच्यात घडते काय, हे थोडक्यात माहीत हवे. १२ डिसेंबर १९६० रोजी अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील बेल लॅबोरेटरीजमध्ये अली जावान, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरियट यांनी पहिला वायूचा लेझर चालवला. जावान हे मूळचे तेहरानचे. त्या लेझरचा किरण अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा होता. तांबडा, दिसणारा किरण त्याच संस्थेत व्हाइट आणि रिग्डेन यांनी १९६२ मध्ये मिळवला. आपल्या नळीत तोच तांबडा किरण आहे. नळीत हेलियम भरपूर आणि निऑन थोडा, साधारण पाच ते दहास एक. दाब बाहेरच्या हवेच्या काहीशेव्या भागाएवढा. विजेचे कण हेलियमच्या अणूवर आदळतात. हेलियम हा हमाल समजा. तो ओझे उचलतो आणि बराच वेळ डोक्यावर धरून ठेवतो. निऑनच्या एका पायरीची उंची या ओझ्याला नेमकी जुळते, म्हणून टक्कर होताच ओझे निऑनकडे जाते आणि निऑन ते प्रकाशाच्या रूपाने खाली टाकतो. तो प्रकाश दोन आरशांमध्ये ये-जा करीत वाढतो. पण एका फेरीत वाढ होते शेकड्याला एक-दोन एवढीच. त्यामुळे आरशाने शंभरातले नव्व्याण्णव भाग तरी परत पाठवले पाहिजेत. आरसा अगदी किंचित वाकडा झाला तरी व्यवहार तोट्यात जातो आणि लेझर बंद. एवढे कळले तरी नळीची टोके पकडून पिरगाळण्याचा मोह कोणाला होऊ नये.

आता वाचन. आतला अ‍ॅल्युमिनियमचा मोठा डबा ज्या टोकाच्या टोपीला जोडलेला, ते ऋण टोक. दुसरे धन. तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नका, मधल्या कोणीतरी त्या बदललेल्या असू शकतात. डबा मात्र कोणी बदलू शकत नाही. उलटे जोडले तर धन टोकाच्या लहानशा धातूवर मारा होऊन त्याचे कण उडतात, आरशावर बसतात, आणि चांगली नळी थोड्याच वेळात निकामी होते.

मग काचेच्या आतला डाग शोधा. जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये वरच्या बाजूला चांदीसारखा चकचकीत डाग असे, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना लगेच कळेल. आत राहिलेली हवा शोषून घेण्यासाठी तो धातू तेथे बसवलेला असतो. डाग चकचकीत किंवा काळसर असेल तर आशा आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, नळी संपली. तेथेच थांबा, पुढचा खर्च करू नका. काही नळ्यांत हा डाग दिसतच नाही, त्यांचा निकाल वीज दिल्यावरच लागतो.

टोकांची जोडणीही पाहावी. आरसे चिकटद्रव्याने चिकटवलेले असतील तर नळी जुन्या पद्धतीची, आणि तिच्यातला वायू बदलला असण्याची शक्यता मोठी. काच वितळवून जोडलेली नळी वर्षानुवर्षे नुसती पडून राहिली तरी टिकते.

लांबीवरून ताकदीचा अंदाज येतो. वीतभर नळी म्हणजे सुमारे अर्धा ते एक मिलिवॅट, दीड वीत म्हणजे दोन-पाच मिलिवॅट. दिसायला हे नगण्य. पण हा सगळा प्रकाश एका टिंबात एकवटलेला असतो, म्हणून किरणात डोळा कधी घालायचा नाही. नळी लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायची नाही. समोर स्टीलचे भांडे किंवा आरसा नको, भिंत हवी.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. वायूचे लेझर अनेक जातींचे असतात आणि वर सांगितलेली रीत फक्त या एका जातीची आहे. नळी काचेची नसून पांढऱ्या चिनी मातीसारखी दिसत असेल, भोवती पंखा किंवा पाण्याच्या नळ्या असतील, तर तो आर्गनचा लेझर असू शकतो. त्याला पाच-दहा अँपिअर आणि त्याहून जास्त करंट लागतो. शिवाय तो पांढरा भाग बेरिलियम ऑक्साइडचा असू शकतो. त्याची धूळ छातीत गेली तर फुप्फुसाचा कायमचा आजार होतो. तो फोडू नये, घासू नये, घरात आणूच नये. दुसरा कार्बन डायऑक्साइडचा. तो १९६४ मध्ये सी. कुमार एन. पटेल यांनी बेल लॅबोरेटरीजमध्येच शोधला. हे गृहस्थ १९३८ साली आपल्या बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून गेले, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे. त्यांच्या लेझरने कारखान्यात पोलाद कापतात. त्याचा किरण दिसत नाही आणि दिसण्याआधीच भाजतो. भंगारातून आणून घरी चालवण्याची ती वस्तू नव्हे.

आपल्या नळीकडे परत येऊ. तिची वीज विचित्र आहे. पेटायला क्षणभर सात-आठ हजार, कधी दहा हजार व्होल्ट लागतात. एकदा पेटली की एक-दोन हजारांवर चालते. करंट मात्र तीन ते सात मिलिअँपिअर एवढाच. म्हणून येथे काम ठोकळ्याचेच, म्हणजे याच जातीच्या नळीसाठी बनवलेल्या, डांबरासारख्या मसाल्यात ओतून बंद केलेल्या पुरवठ्याचे. जुन्या मशिनचा मिळतो, नवाही मिळतो. त्याच्यावर व्होल्ट आणि मिलिअँपिअर छापलेले असतात. काही हौशी मुले मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून काम भागवू पाहतात. हे मला अजिबात मान्य नाही. त्या ट्रान्सफॉर्मरला पाच मिलिअँपिअरवर थांबणे माहीत नाही. तो माणसाच्या अंगातून त्याच्या शंभरपट करंट सोडतो आणि दुसरी संधी देत नाही. ठोकळा मिळेपर्यंत नळी वर्षभर कपाटात राहिली तर तिचे काही बिघडत नाही.

ठोकळाही निरुपद्रवी नाही. बटण बंद केल्यावर त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, नळीतही थोडी उरते. हात लावण्याआधी, चांगल्या प्लास्टिकच्या लांब दांडीला बांधलेल्या रेझिस्टन्समधून ती उतरवायची, मग तारेने दोन्ही टोके जोडून ठेवायची. चालू असताना एक हात खिशात. लाकडी टेबल, कोरडी जमीन, पायात रबरी चप्पल. आणि जवळ एक जाणता माणूस, ज्याला मेन स्विच कुठे आहे हे ठाऊक आहे.

माझ्या भगिनींना येथे दोन शब्द सांगतो. घरात मुलाने किंवा दिराने असली नळी आणली तर त्याच्यावर रागावू नका, शिकण्याची हौस वाईट नाही. पण विजेचा ठोकळा कोणता आहे आणि काम करताना जवळ कोण बसणार आहे, हे विचारल्याशिवाय प्लग लावू देऊ नका. घरी कोणी नसताना हे काम करायचे नाही, असे बजावून ठेवा.

आता रेझिस्टन्स. या नळीचा स्वभाव असा, की करंट वाढला की तिचा अडथळा कमी होतो, म्हणून करंट आणखी वाढतो. उधारीवर उधारी वाढावी तसे. तिला लगाम म्हणून धन टोकाजवळ, अगदी दोन-चार बोटांच्या अंतरावर, ७५ किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टन्स लागतो. दूर लावला तर नळी लुकलुकत राहते. हिशेब करून पाहा: ७५,००० ओहममधून ५ मिलिअँपिअर गेले तर ३७५ व्होल्ट तेथे खर्च होतात, म्हणजे सुमारे १.९ वॅट. एकच रेझिस्टन्स लावण्यापेक्षा १५ किलोओहमचे दोन-दोन वॅटचे पाच एका रांगेत लावावेत. उष्णता वाटली जाते, आणि पेटतानाचे हजारो व्होल्ट एकावरून उडी मारीत नाहीत. काही वेळा हा रेझिस्टन्स नळीच्या टोपणात किंवा ठोकळ्यात आधीच बसवलेला असतो, ते आधी तपासा.

राहिला सर्वांत महत्त्वाचा आकडा, करंट. तो कागदावर होता आणि कागद गेला. पण तो नळीकडूनच काढून घेता येतो. ऋण बाजूच्या तारेत १ किलोओहमचा एक रेझिस्टन्स घाला आणि त्याच्या दोन टोकांना साधा मल्टिमीटर जोडा. जितके व्होल्ट दिसतील तितके मिलिअँपिअर. मीटर आधी जोडून ठेवायचा, चालू असताना त्याला हात नाही. बऱ्याच ठोकळ्यांवर करंट कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू असतो. तो प्लास्टिकच्या पेचकसानेच फिरवायचा. सुमारे चारवर सुरुवात करा. नळी लुकलुकत असेल तर करंट कमी पडतो आहे, थोडा वाढवा.

स्थिर झाली की आतल्या उजेडाचा रंग पाहा. नारिंगीकडे झुकणारा गुलाबी असेल तर प्रकृती उत्तम. जांभळट किंवा निळसर असेल तर हवा शिरली. निऑनच्या पाटीसारखा लालभडक असेल तर हेलियम निघून गेले. हेलियमचा अणू इतका लहान, की तो काचेतूनही हळूहळू पाझरतो.

यातल्या हेलियमच्या दुखण्यावर एक मजेदार उपाय आहे. पाझरणे दोन्ही दिशांनी चालते ना? मग नळी हेलियमने भरलेल्या पिशवीत काही दिवस, कधी काही आठवडे ठेवायची आणि मधून मधून पेटवून रंग पाहायचा. पेटवताना नळी पिशवीबाहेर. बाहेर हेलियमचा दाब आतल्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ते आत शिरते. काही जुन्या नळ्या अशा पुन्हा जिवंत झालेल्या आहेत. मात्र जत्रेतल्या फुगेवाल्याकडून गॅस आणू नका. आपल्याकडे त्याच्या सिलिंडरमध्ये पुष्कळदा हायड्रोजन असतो आणि तो ठिणगीने भडकतो.

रंग चांगला आहे पण किरण नाही, असेही होते. प्रथम दुसऱ्या टोकाकडून भिंतीवर पाहा. किरण कोणत्या आरशातून बाहेर काढायचा हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर असते. मग आरशांवरची धूळ. तेही नसेल तर कोरड्या, लांब प्लास्टिकच्या दांडीने ऋण टोकाची टोपी बाजूने अगदी हलके दाबावी. क्षणभर किरण चमकला तर आरसा वाकडा झाला आहे, नळी बरी आहे. धन टोकाला दांडीही लावू नये, तेथे पूर्ण व्होल्ट असतात.

किरण मिळाला की जुन्या कॅल्क्युलेटरची सौर पट्टी त्याच्यासमोर ठेवा, मीटर मायक्रोअँपिअरवर लावा. वीस मिनिटे नुसते थांबा. नळी तापताना प्रकाश आपोआप कमी-जास्त होतो, त्याने फसायला होते. नंतर करंट थोडा थोडा वाढवत न्या. प्रकाश वाढतो, एका जागी सर्वांत जास्त होतो, आणि त्यापुढे करंट वाढवला तर चक्क घटू लागतो. जेथे सर्वांत जास्त, तोच त्या नळीचा हरवलेला आकडा. त्यापुढे जाण्यात फक्त नळीचे आयुष्य कमी होते. तो आकडा, धन-ऋण टोके, रेझिस्टन्स आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून नळीच्या पेटीला चिकटवा. पुढच्या माणसाला तुमच्यासारखे चाचपडावे लागू नये.

जमाखर्च मात्र हास्यास्पद आहे. समजा १,५०० व्होल्ट आणि ५ मिलिअँपिअर, म्हणजे साडेसात वॅट खर्च. हाती प्रकाश एक मिलिवॅट. साडेसात हजार रुपये टाकून एक रुपया जमा! मग बाजारात लेझरची दांडी स्वस्तात मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. दांडीच्या प्रकाशाची लांबी प्रत्येक दांडीत वेगळी असते, उष्णतेने बदलतेही. या नळीची तांबड्या किरणाची लांबी मात्र निऑनच्या अणूने ठरवलेली आहे: ६३२.८ नॅनोमीटर, म्हणजे ०.०००६३२८ मिलिमीटर. कारखाना कोणताही असो, पुस्तिका असो वा नसो. हा एक आकडा कधी कागदावर अवलंबूनच नव्हता.

त्या आकड्याच्या बळावर घरात बसून डोक्याचा केस मोजता येतो. केस किरणाच्या वाटेत आडवा ताणून धरा, भिंतीपासून ३ मीटरवर. अंधार करा. भिंतीवर मधला ठिपका दिसेल आणि दोन्ही बाजूंना उजेड-अंधाराचे पट्टे. ठिपक्याच्या मध्यापासून पहिल्या काळ्या पट्ट्यापर्यंतचे अंतर फूटपट्टीने मोजा. भिंतीचे अंतर ३,००० मिलिमीटर, त्याला ०.०००६३२८ ने गुणा आणि मोजलेल्या अंतराने भागा. पट्टा २५ मिलिमीटरवर आला तर केसाची जाडी ०.०७६ मिलिमीटर. बारीक केसाला पट्टे दूर जातात, जाड्या केसाला जवळ येतात. किरणाकडे पाठ करून मुलांना पट्टीने मोजू द्या, गुणाकार-भागाकार त्यांनाच करू द्या. आजीचा पांढरा केस आणि नातीचा काळा केस, दोन्ही मोजून पाहा.